मापाडी

कागद टेबलावर होता, त्यावर शाईची दौत ठेवलेली,
वाऱ्याने उडू नये म्हणून.
अल्बानियाच्या उत्तरेचं आमचं गाव, सदुसष्टची थंडी,
चर्चमध्ये वेदीपर्यंत सहकारी शेतीचा मका.
वर दोन शब्द: देव नाही. खाली सह्या.
माझी बारावी.
ग्येलोश, मापाडी.

आभाळ फाटलं नाही.
हात झडला नाही.
कोंबडाही आरवला नाही;
कोंबड्या संस्थेने आधीच मोजून नेल्या होत्या.
घरी जाऊन मक्याची भाकरी खाल्ली,
रोज लागायची तशीच लागली.
फादर, भ्यायला हवं होतं ते तेव्हा.

मनाशी म्हणालो, नुसती जीभच तर विटाळली,
आत तो आहेच.
धान्याखाली चोरीचा माल दडवावा
तसा ठेवला त्याला.
पण दडवून ठेवलेल्याला
कोण काही विचारतं?

पूर्वी पारडं टेकण्याआधी
मी क्षणभर वर बघायचो. सवय.
पाठीशी कुणी उभं असल्यासारखं.
आता पाठीशी भिंत होती.
अंगठा पहिल्यांदा टेकला तो चुकून.
दुसऱ्यांदा चुकून नाही.
द्राने विधवा, चार पोरं, तिची पिशवी
दोन किलोंनी हलकी गेली.
मापात पाप म्हणतात,
ते पापासारखं लागतच नाही हाताला.
उन्हात वाळलेला, उबदार मका लागतो.

जनाची नाही तर मनाची, असं माझी आई म्हणायची.
मन तरी कुठवर लाजणार,
त्याला जाब विचारणारा
मीच सही करून घालवलेला.

मग लुलाश.
रात्री गोठ्यात, लाकडी वाडग्यात पाणी घेऊन
त्याने नातवाचा बाप्तिस्मा केला.
कंदील मी धरला होता.
तीन महिन्यांनी कचेरीत विचारलं, पाहिलंस?
पाहिलं.
तू तिथे काय करत होतास?
मी नव्हतो आत. खिडकीतून पाहिलं.

त्या गोठ्याला खिडकी नव्हती.
सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसरा साक्षीदार म्हणून पेत्राक मास्तरांना बोलावलं.
कोर्चाकडचा माणूस, देवाला हसणारा,
त्या कागदावर पहिली सही त्याची, आणि मनापासून.
तो म्हणाला, देव नाही हे हवं तिथे लिहून देतो,
पण लुलाशचं मी काही पाहिलेलं नाही.
एकाच ट्रकमधून गेले दोघं.

हे कसं जोखायचं, फादर, तुम्ही सांगा.
त्याने ज्याला नाकारलं
तो त्याला कधी भेटलाच नव्हता.
मी मात्र अकरा वर्षं
त्याच्या घरची घंटा वाजवली होती.

लुलाश तांब्याच्या खाणीत सातव्या हिवाळ्यात गेला.
मास्तर परतले, एका कानाने बहिरे.
रस्त्यात भेटले की टोपी काढायचे.
ते सोसायला फार जड.

आता दार उघडलंय,
फरशीच्या भेगांत अजून मका सापडतो.
गेल्या रविवारी प्रेंदा आली, लुलाशची बायको,
पाठीवर पोतं, चर्चसाठी.
जुन्या काट्यावर ठेवलं,
म्हणाली, जोख.

मी दोन्ही हात पाठीमागे धरले,
एकाने दुसऱ्याचा अंगठा आवळून.
काटा थरथरत राहिला.
ती काट्याकडे बघत नव्हती.
कितीक वर्षांनी मी वर पाहिलं.
छताला भोक होतं, चिमण्या ये-जा करत होत्या.

किती? तिने विचारलं.

साधा आकडा, फादर,
घशातून निघेना.

एकवीस, म्हणालो.
एकवीस, आणि थोडं वर.